डेट्रॉइटमधले काही पत्ते

डेट्रॉइटला जायचं म्हटल्यावर पुण्यातल्या ओळखीच्यांनी दोनच प्रश्न विचारले. मोटारींचे कारखाने बघणार का, आणि ते शहर आता सुरक्षित आहे का. 2013 साली महापालिका दिवाळखोरीत गेली, तेव्हाचे पडक्या इमारतींचे फोटो अजून सगळ्यांच्या डोक्यात आहेत. मला इथल्या कृष्णवर्णीय डॉक्टरांच्या, इंजिनिअरांच्या, संगीतकारांच्या कामाच्या जागा बघायच्या होत्या. माझं आयुष्य नर्सिंगमध्ये गेलं, तेव्हा सुरुवात हॉस्पिटलपासून करायची हे ठरलेलं. भाची जवळच नोव्हीला राहते. तिचा नवरा गाड्यांच्या सुट्या भागांचा इंजिनिअर. शनिवारी त्याने गाडी काढली.

580, फ्रेडरिक स्ट्रीट. 1892 साली बांधलेलं विटांचं घर, एखाद्या सधन कुटुंबाने राहायला बांधलं असावं असं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेतून कृष्णवर्णीय कुटुंबं कारखान्यांतल्या कामासाठी इकडे लोटली. 1910 साली शहरात ती माणसं सहा हजारांच्या आत होती, 1920 साली चाळीस हजारांच्या वर गेली. आजारपणं, बाळंतपणं, कारखान्यातले अपघात, सगळंच वाढलं. पण त्यांच्या डॉक्टरांना शहरातल्या हॉस्पिटलांची दारं जवळजवळ बंदच होती. मग डॉक्टर एकत्र आले आणि 1918 साली या घरात त्यांनी डनबार हॉस्पिटल सुरू केलं. 27 खाटा आणि एक ऑपरेशन थिएटर.

मी बाहेर उभी राहून खिडक्या मोजत होते आणि खाटा कुठे कुठे मावल्या असतील याचा हिशेब मांडत होते. दर्शनी खोलीत किती, वरच्या मजल्यावर किती, ऑपरेशन झालेल्या पेशंटला जिन्यावरून कसं नेत असतील. आमच्या वॉर्डात एक खाट जास्त टाकायची तर किती कटकट व्हायची, ते मला ठाऊक आहे. इथे राहत्या घराचं हॉस्पिटल केलं होतं, आणि पुढे ते मोठ्या जागेत गेलं. बऱ्याच वर्षांनी डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय डॉक्टरांच्या संघटनेने हे जुनं घर विकत घेऊन जपलं, याचा मला फार आनंद वाटला.

याच डनबारमध्ये डॉ. ऑसियन स्वीट काम करायचे. व्हिएन्ना आणि पॅरिसमध्ये पुढचं शिक्षण घेतलेला हा डॉक्टर 1925 साली पूर्वेकडच्या गार्लंड स्ट्रीटवर, गोऱ्यांच्या वस्तीत, घर घेऊन राहायला गेला. दुसऱ्याच रात्री जमावाने दगडफेक केली, घरातून गोळ्या सुटल्या, बाहेरचा एक माणूस मेला. डॉक्टर, त्यांची बायको, भाऊ, मित्र, अकरा जणांवर खुनाचा खटला. क्लॅरेन्स डॅरो यांनी वकीलपत्र घेतलं. पहिल्या खटल्यात ज्यूरीचं एकमत झालं नाही. 1926 साली भाऊ हेन्री निर्दोष सुटला आणि पुढे बाकीच्यांवरचे आरोपही मागे घेतले गेले. ते घर आजही उभं आहे, तिथेही जाऊन आलो. डॉक्टर होऊनही आपण घेतलेल्या घरात झोपता येऊ नये, हे त्या फुटपाथवर उभं राहून पचवणं मला जड गेलं.

दुपारी चार्ल्स राइट म्युझियममध्ये गेलो. शंभर फूट व्यासाचा काचेचा घुमट, आणि खाली जमिनीवर गोलाकार मांडलेल्या धातूच्या नावपट्ट्या. वेगवेगळ्या क्षेत्रांत नाव काढलेल्या कृष्णवर्णीय माणसांची ती नावं. लहान मुलं वाकून ती वाचत होती, आया पुढचं नाव दाखवत होत्या. हे म्युझियमही एका डॉक्टरचं. चार्ल्स राइट प्रसूतितज्ज्ञ होते, सात हजारांवर बाळंतपणं त्यांनी केली. डेन्मार्कमध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या वीरांचं स्मारक पाहून त्यांना वाटलं, आपल्या लोकांचा इतिहास असा कुठे मांडलाय? 1965 साली त्यांनी या कामाला हात घातला. पहिलं म्युझियम वेस्ट ग्रँड बुलेवार्डवर, त्यांच्या दवाखान्याच्या घरात भरलं. आजची भव्य इमारत 1997 सालची.

त्याच वेस्ट ग्रँड बुलेवार्डवर 2648 क्रमांकाचं घर आहे. पूर्वी एका फोटोग्राफरचं होतं. फोर्डच्या लिंकन-मर्क्युरी कारखान्यात असेंब्ली लाइनवर काम केलेल्या बेरी गॉर्डीने 1959 साली घरच्यांच्या सामाईक बचतीतून 800 डॉलर कर्ज घेऊन रेकॉर्ड कंपनी काढली आणि हे घर घेतलं. तीच मोटाउन. गाणं लिहिणं, चाल, रेकॉर्डिंग, कलाकाराला चालण्या-बोलण्याचं शिक्षण, आणि शेवटी कुठलं गाणं बाजारात जाणार हे ठरवणारी दर आठवड्याची बैठक, ही सगळी रचना त्याने कारखान्यातून उचलली. बैठकीचं नावही ‘क्वालिटी कंट्रोल’. आवाज घुमावा म्हणून माळ्याचा उपयोग केला होता. छतात पाडलेल्या भोकाखाली उभं करून आमच्या मार्गदर्शक बाईंनी टाळी वाजवायला सांगितली. माझी साधी टाळी वर जाऊन घुमून परत आली. गटातल्या एका वयस्कर बाईंनी न सांगता गायलाच सुरुवात केली आणि आम्ही सगळे गप्प झालो. भिकार सामान, लहान घर, आणि जगभर गाजलेला तो आवाज. मला संगीतातलं फार कळत नाही, पण जुगाड करून नीट काम उभं करणं म्हणजे काय, ते चांगलं कळतं.

दुसऱ्या दिवशी नदीकाठी गेलो ते एलायजा मॅकॉय यांच्यासाठी. केंटकीतल्या गुलामगिरीतून पळून कॅनडात पोचलेल्या आईबापांचा हा मुलगा. आईबापांनी त्याला स्कॉटलंडला पाठवून इंजिनिअर केलं, पण मिशिगन सेंट्रल रेल्वेत काम मिळालं ते फायरमनचं. कोळसा टाका, आणि इंजिन ठिकठिकाणी थांबवून तेल घाला. इंजिन चालू असतानाच आपोआप तेल पाझरत राहील अशी कुपी त्यांनी बनवली आणि 1872 साली तिचं पेटंट घेतलं. त्याच्या पुढच्याच वर्षी इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ निघाली, अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केलेली. हे सांगितल्यावर जावई म्हणाला, “मावशी, शाळेत हे एकत्र कधी कुणी सांगितलंच नाही हो.” आयुष्यात पन्नासच्या वर पेटंटं मॅकॉय यांच्या नावावर लागली. वॉशिंग्टन परिसराबाहेर अमेरिकेने पेटंट ऑफिसची पहिली शाखा 2012 साली डेट्रॉइटला, याच नदीकाठी काढली, तिला नाव दिलं ते त्यांचंच.

त्यांची कबर वॉरन गावात, डेट्रॉइट मेमोरियल पार्कमध्ये. गोऱ्यांच्या दफनभूमीत नीट जागा मिळत नाही म्हणून 1925 साली कृष्णवर्णीय व्यावसायिकांनी ही स्वतःची काढली. कंपनी इतकी नेटकी चालवली की बँका दारात उभं करत नव्हत्या त्या काळात तिने आपल्या लोकांना घरासाठी कर्जं दिली.

त्याच वॉरनमध्ये जनरल मोटर्सचं टेक्निकल सेंटर आहे. गाडी बाजूने जाताना जावयाने एड वेलबर्न यांचं सांगितलं. फिलाडेल्फियाचा हा मुलगा, अकराव्या वर्षी कंपनीला पत्र लिहून विचारलं, मला तुमच्याकडे गाड्या डिझाइन करायच्यात, काय शिकू? कंपनीने उत्तर पाठवलं. हॉवर्ड युनिव्हर्सिटीत शिल्पकला शिकून 1972 साली ते इथे लागले, आणि पुढे कंपनीच्या जगभरच्या डिझाइनचे प्रमुख झाले. एवढ्या मोठ्या मोटार कंपनीत त्या जागेवर बसलेले ते पहिलेच कृष्णवर्णीय. “आमच्या धंद्यात त्यांचं नाव निघालं की सगळे खुर्चीत सरळ बसतात,” जावई म्हणाला. मी म्हटलं, मग परत वळव गाडी, ती इमारत मला नीट बघू दे.