शीतकपाट आणि खिडकीची जागा

शीतकपाट, अर्थात् ज्यास घरोघर फ्रिज म्हणतात तें, विकत घेणें ही आतां अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाहीं. दुकानांत गेलें कीं लिटर व तारे यांचे आंकडे भराभर ऐकावयास मिळतात. परंतु तें कपाट आपल्या स्वयंपाकघरांत मावेल कसें, आणि मावलें तरी उघडेल कसें, हें मात्र कोणी सांगत नाहीं. आमचें कुटुंब अकरा माणसांचें आणि स्वयंपाकघर दहा फूट लांब व सात फूट रुंद. तेव्हां या प्रश्नाचा खल आमच्या घरीं यथास्थित झाला.

रिकाम्या करतां येण्याजोग्या जागा दोनच. एक खिडकीखालची, जेथें आमच्या मातोश्री पाट मांडून विळीवर भाजी चिरतात. दुसरी दाराजवळच्या कोपऱ्यांतली, अवघी २४ इंच रुंद, जेथें डब्यांची मांडणी उभी होती. धाकट्या बंधूंचा ओढा ३५० लिटरच्या कपाटाकडे होता, आणि तें खिडकीखालींच बसण्यासारखें होतें. ऐंशी वर्षांच्या माणसास साऱ्या घरांत उजेडाची एवढीच जागा. ती मटारांच्या दाण्यांसाठीं घ्यावी काय, हा खरा वाद. मातोश्री वहिनींस म्हणाल्या, "घ्या गं माझी जागा. मी काय, बाहेरच्या खोलींत बसेन." हें ऐकल्यावर कोपऱ्यांत मावेल तेंच कपाट घ्यावयाचें, असें ठरलें.

शीतकपाट थंडी निर्माण करतें असें बोलण्याची रीत आहे. वस्तुतः तें आंतील उष्णता ओढून बाहेर स्वयंपाकघरांत सोडतें. अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें १९२७ सालीं जें कपाट बाजारांत आणलें, त्याचें यंत्र डोक्यावर बसविलेलें होतें. उष्णतेस वर जाण्यास वाट मोकळी. हल्लींच्या कित्येक कपाटांत उष्णता टाकणाऱ्या नळ्या बाजूंच्या पत्र्याआड लपविलेल्या असतात, म्हणून त्या बाजू हातास कोमट लागतात. असें कपाट भिंतींत चेपून बसविलें तर यंत्रास विसावा मिळत नाहीं व विजेचें बिल वाढतें. किती अंतर सोडावें हें प्रत्येक नमुन्याच्या माहितीपुस्तिकेंत छापलेलें असतें. ती खरेदीपूर्वीं मागून वाचावी. आमच्या कोपऱ्यांत २२ इंचांहून रुंद कांहीं बसणें शक्य नव्हतें, म्हणजे सुमारें अडीचशे लिटर.

याहून नाजूक गोष्ट दाराची. बिजागरीच्या बाजूस भिंत असली तर दार काटकोनापलीकडे जात नाहीं, आणि पुष्कळ कपाटांचे आंतील खण तेवढ्या उघडझापीनें पुरते बाहेर येत नाहींत. मग ते साफ करावयाचे कसे? आम्हीं रद्दी वर्तमानपत्रें कपाटाच्या मापाचीं कापून जमिनीवर अंथरलीं व दाराचा फेरा दोरीनें आंखून पाहिला. वहिनींनीं ओट्याशीं उभें राहून पाहिलें, दोरी त्यांच्या पाठीस लागत नव्हती. सुदैवानें आमची भिंत बिजागरीच्या विरुद्ध बाजूस आली.

ताऱ्यांविषयीं एक सांगणें अवश्य आहे. तारे समान जातीच्या व आकाराच्या मानानें दिलेले असतात. मोठें पांचतारी कपाट लहान तीनतारी कपाटाहून अधिक वीज खाऊं शकतें. चिठ्ठीवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते पाहावे.

राहिला प्रश्न बर्फाच्या कप्प्याचा. उणे १८ अंशांत ठेवावयाचें तें आमच्याकडे काय? खवलेलें खोबरें, मटार, आमरस. एका रविवारीं शेजाऱ्यांच्या कपाटावर मुलांस पहाऱ्यास बसविलें. बर्फाचा कप्पा दिवसांत चार वेळां उघडला, दुसरा छपन्न वेळां. तेव्हां बर्फाचा कप्पा तळाशीं असलेलें कपाट घेतलें. किंमत थोडी अधिक पडली, परंतु दूध, दहीं व भाजी मातोश्रींच्या छातीच्या उंचीवर आलीं. त्यांस ओणवें व्हावें लागत नाहीं. अशीं कपाटें दुकानांत थोडीं दिसतात, हें खरें.

मांडणी आतां भिंतीवर चढली आहे. बंधूंची तक्रार एवढीच, कीं अकरा जणांचें आइस्क्रीम त्यांत मावत नाहीं. तें उरतें केव्हां, असें वहिनी विचारतात.