पट्टा आणि परंपरा

मनुष्य वृद्ध होऊं लागला म्हणजे त्याचे गुरु वयानें लहान होत जातात, असा आमचा अलीकडचा अनुभव आहे. गेल्या दिवाळीच्या सुटींत आमचा बारा वर्षांचा नातू आमचेकडे आला होता. त्याच्या वहींत परकीय नांवांची एक लांबलचक यादी आमच्या दृष्टीस पडली. इतिहासाचा अभ्यास चालला असावा, अशा समजुतीनें आम्हीं कौतुकानें चौकशी केली.

"आजोबा, हे मेक्सिकोचे कुस्तीगीर. कोणी कोणाकडून किताब घेतला, तें लिहून ठेवलंय," असें चिरंजीवांनीं उत्तर दिलें.

आमच्या कपाळास आठी पडली. जन्मभर अध्यापन केलेल्या मनुष्यास आठी घालण्यास फारसे श्रम पडत नाहींत. परंतु मुलगा सांगत गेला आणि आम्ही ऐकत गेलों. आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें. तरी त्याच्या मदतीनें पुढें आम्हीं स्वतःही थोडें वाचन केलें. त्यांतून जें हातीं लागलें, तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें.

मेक्सिको देशांत ह्या खेळास 'लुचा लिब्रे', म्हणजे मुक्त कुस्ती, असें म्हणतात. साल्वादोर लुतेरोथ नांवाच्या गृहस्थांनीं १९३३ सालीं मेक्सिको शहरांत कुस्त्या भरविणारी कंपनी काढली. तेथें मल्लांचे वजनावरून गट पाडलेले असतात. त्यांपैकीं सुमारें ७० ते ७८ किलो वजनाच्या 'वेल्टरवेट' गटासाठीं १९४६ सालीं एक जागतिक अजिंक्यपद स्थापन झालें. कमरेस बांधावयाचा चामडी पट्टा ही त्याची खूण. तीन डावांपैकीं दोन जो जिंकील, त्याचा पट्टा, असा नियम.

हें पद प्रथम मिळविणारा मल्ल 'एल सांतो'. ह्या शब्दाचा अर्थ 'संत'. त्याचें खरें नांव रोदोल्फो गुस्मान वेर्ता. तोंडावर सदैव रुपेरी मुखवटा असे. गंमत अशी कीं, नांव संताचें असलें तरी आरंभींचीं पुष्कळ वर्षें हा गृहस्थ आखाड्यांत खलनायकाचेंच काम करीत असे! तिकडे नियम मोडणाऱ्या दांडग्या मल्लास 'रूदो' व नियमानें लढणाऱ्यास 'तेक्निको' म्हणतात, आणि प्रेक्षकवर्गही त्याप्रमाणें दोन पक्षांत वांटला जातो.

तेथें पट्ट्याहूनही मोलवान वस्तु म्हणजे मुखवटा. तो पैजेवर लावून जो हरला, त्यानें सर्वांसमक्ष मुखवटा उतरवून आपलें खरें नांव सांगावयाचें, व पुनः तो कधीं चढवावयाचा नाहीं. १९५२ सालीं सांतोनें 'ब्लॅक शॅडो' नामक मल्लाचा मुखवटा असाच उतरविला. त्याचा जोडीदार 'ब्लू डेमन' ह्यानें पुढच्याच वर्षीं, १९५३ सालीं, सांतोस हरवून वेल्टरवेटचें जागतिक पद हिरावून घेतलें. त्याजकडून १९५८ सालीं तें कार्लोफ लागार्द ह्याजकडे गेलें, आणि त्यानें तें १९६५ पर्यंत, सुमारें सात वर्षें, संभाळलें. सांतो १९८४ सालीं निवर्तला. त्यास रुपेरी मुखवट्यासह पुरण्यांत आलें.

येथपर्यंत आम्ही रंगून ऐकत होतों. इतक्यांत मुलानें सहजगत्या सांगितलें कीं, ह्या कुस्त्यांचा निकाल आधींच ठरलेला असतो.

आमचा मास्तरी स्वभाव एकदम जागा झाला. "मग ही यादी कसली ठेवतोस? ठरवून दिलेल्या विजयाची नोंद ती काय करावयाची?"

त्यानें क्षणभर विचार करून विचारलें, "आजोबा, तुम्हीं इतकीं वर्षें शाकुंतल शिकवलंत. दुष्यंताला शेवटीं सगळं आठवणार, हें तुम्हांला माहीत नव्हतं का?"

सौभाग्यवती आंतून मोठ्यानें हंसल्या. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

पुढें विचार करतां आमचें मत पालटलें. निकाल ठरलेला असला तरी उंचावरून पाठीवर आदळणारें शरीर हें खरेंच असतें. आणि पट्टा कोणास द्यावा हें जेव्हां चालक ठरवितात, तेव्हां ह्या मनुष्याच्या नांवावर लोक पुनः येतील, हा ती खूण सोडून पळणार नाहीं, असा भरंवसा ते त्यावर टाकीत असतात. अशा पदास बक्षीस म्हणण्यापेक्षां ठेव म्हणणें अधिक योग्य. लागार्दानें सात वर्षें ती ठेव संभाळली, ही गोष्ट खोटी कशी म्हणावी?

परंतु आमचें मन खरोखर गुंतलें तें ह्या कथेच्या शेवटल्या भागांत. लुतेरोथांची कंपनी मध्यंतरीं अमेरिकेंतील 'नॅशनल रेसलिंग अलायन्स' ह्या संघटनेस मिळाली होती व पदास त्या संघटनेचें नांव लागलें होतें. १९८० नंतरच्या दशकांत कंपनी तींतून बाहेर पडली. पुढें कंपनीचें नांवही बदललें. परंतु पदाचें तें जुनें नांव तसेंच चालू राहिलें. ह्यावरून वाद माजला व २०१० सालीं जुने पट्टे परत करावे लागले. कंपनीनें नवे पट्टे घडविले. त्या वेळीं वेल्टरवेटचें पद ज्याजकडे होतें, त्या मेफिस्तो नामक मल्लासच नव्या पदाचा पहिला धनी ठरविलें. आणि पदाच्या नांवांत एक शब्द घातला, 'ऐतिहासिक'. मोजणी नव्यानें सुरू झाली खरी. पण ह्यामागें कांहीं होऊन गेलें आहे, हें त्या एका शब्दानें राखलें. दुष्यंताची अंगठी हरवली म्हणून शकुंतलेचा विवाह कांहीं खोटा ठरला नव्हता.

ह्या प्रसंगानें आमची जुनी जखम उघडी झाली. ज्या शाळेंत आम्हीं संस्कृत शिकविलें, तेथें एक लांकडी सन्मानफलक होता. दरसाल संस्कृतांत पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचें नांव त्यावर पांढऱ्या रंगानें लिहिलें जाई. त्यांत एका पोरक्या मुलाचें नांव होतें. त्याची आई धुण्याभांड्याचीं कामें करी. तिला वाचतां येत नसे. वरून अकरावी ओळ आपल्या मुलाची, एवढें तिला ठाऊक होतें. दर स्वातंत्र्यदिनीं ती येऊन त्या ओळीवरून हात फिरवून जात असे.

आमच्या निवृत्तीनंतर शाळा दुसऱ्या संस्थेकडे गेली. नवें नांव मिळालें, नवा संगमरवरी फलक लागला, आणि त्यावर पहिली ओळ नव्या वर्षाची. जुना फलक अडगळीच्या खोलींत गेला. तेव्हांपासून चार वर्षें आम्हीं शाळेची पायरी चढलों नाहीं. आलेलीं निमंत्रणेंही परत केलीं. हा आमचा स्वाभिमान आहे, अशी आमची समजूत होती. वहींतील ती यादी पाहिल्यावर कळलें कीं, तो केवळ रुसवा होता. ज्याला नांवें ठाऊक होतीं, तोच घरीं बसला होता.

सुटी संपण्यापूर्वीं आम्ही नातवास घेऊन शाळेंत गेलों. नवे मुख्याध्यापक तरुण व सुशील आहेत. त्यांनीं खोली उघडून दिली. फलक भिंतीकडे तोंड करून उभा होता. आम्हीं तो वळवून पुसला. आम्ही वाचीत गेलों व मुलगा मेक्सिकोच्या यादीपुढील कोऱ्या पानावर लिहीत गेला. अकराव्या ओळीशीं आमचा आवाज थोडा अडला. मुलानें मान वर करून पाहिलें, पण कांहीं विचारलें नाहीं.

जुना फलक नव्याच्या खालीं लावावा, एवढीच विनंति आम्हीं लेखी देऊन आलों आहों. तिचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं. वहीची एक प्रत मात्र त्या बाईंच्या घरीं पोंचती केली आहे, आणि अकराव्या ओळीखालीं मुलानें तांबड्या शाईनें रेघ ओढली आहे.