नाव बरोबर, मात्रा बरोबर

त्र्यंबकेश्वरात माझं मेडिकल आहे. शेतकरी येतो, म्हणतो, "अंग मोडून आलंय, काहीतरी द्या." त्याला ग्रामीण रुग्णालयात पाठवणं सोपं असतं. नर्सिंग, फार्मसी, आयुर्वेद शिकणारी मुलं मात्र थेट "अझिथ्रोमायसिन पाचशे, तीन गोळ्या" मागतात. नाव बरोबर, मात्रा बरोबर. पण साध्या विषाणूच्या सर्दीला अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. परीक्षा जवळ आली की अल्प्राझोलमची मागणी सुरू होते. ते 'शेड्यूल एच-वन'मधलं औषध. २०१४पासून अशा गोळीसाठी डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या रजिस्टरात लिहून तीन वर्षं जपावं लागतं. चिठ्ठी मागितली की मुलांचे चेहरे उतरतात.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला अलोट गर्दी होते. अशाच एका सोमवारी प्रथमोपचार केंद्रावर सेवेला आलेली नर्सिंगची मुलगी ओआरएसची पाकिटं न्यायला दुकानात आली. पाकिटं घेताना तिच्या मनगटावर बारीक लाल ठिपके दिसले.

"ताप आहे का गं?"

"तीन दिवस झाले, काका. आयब्युप्रोफेन घेतलं की उतरतो."

तिने पर्समधून पट्टीचा कापलेला तुकडा काढला. दोन गोळ्या होत्या. नाव, मुदत छापलेला भाग केव्हाच कापून गेलेला. रूममेटच्या डब्यातली गोळी, म्हणाली. असे डबे हॉस्टेलात खोलीखोलीत असतात: घरून आणलेल्या उरल्यासुरल्या गोळ्या, अर्धवट सोडलेले कोर्स, 'विक्रीसाठी नाही' छापलेली सॅम्पल्स.

ताप आणि ठिपके पाहून मला डेंग्यूची शंका आली. डेंग्यूत प्लेटलेट्स आधीच घसरतात. आयब्युप्रोफेन उरलेल्यांचंही काम बिघडवतं, जठराच्या अस्तराला इजा करतं आणि रक्तस्रावाचा धोका वाढवतं. म्हणून डेंग्यूची शंका असली की तापाला पॅरासिटामॉलच. हे तिने पुस्तकात वाचलेलं होतं. स्वतःच्या तापाला मात्र ती पावसात भिजल्याचा ताप समजली. मी तिच्या मैत्रिणीला बोलावून दोघींना तडक रुग्णालयात पाठवलं. तिथून नाशिकला हलवलं, डेंग्यूच निघाला. पोरगी बरी झाली.

मुलांना मी नुसता दोष देत नाही. सरकारी रुग्णालयात २०२३पासून केसपेपरही मोफत आहे, पण ओपीडीची मुख्य वेळ सकाळची आणि लेक्चरंही तेव्हाच. हजेरी बुडते, म्हणून डबा उघडला जातो. संध्याकाळी तासभर हॉस्टेलवर डॉक्टर बसवा, असं मी तिथल्या वॉर्डनबाईंना सांगितलं आहे. त्यांनी लेखी अर्ज मागितला, तो मी दिला आहे.