डोहाचा कानोसा

मोसंबीएवढा काळा गोळा. कोरडा असला की मुका. पोटाशी धातूचे दोन-तीन ठिपके आहेत, ते भिजले की हा जागा होतो. मिनेसोटातल्या भाच्याने दिला. तिकडे हिवाळ्यात तळी अशी गोठतात की वर गाड्या चालतात. बर्फाला गिरमिटाने भोक पाडायचं, त्यात हा सोडायचा आणि खालचा मासा मोबाइलवर बघायचा. त्या थंडीत याची बॅटरी लवकर मान टाकते. खालापुरात तो त्रास नाही.

इथे मी त्याला दोर बांधून पाताळगंगेच्या डोहात फेकतो. तरंगत तरंगत तो खाली आवाज सोडतो, आपल्या कानाला न लागणारा, आणि कानोसा घेत राहतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर धावतो. साडेचार मीटर खोल तळाला शिवून यायला 6 मिलिसेकंद पुरतात. खाली खडक असेल तर पडद्यावर जाड, ठसठशीत पट्टा उमटतो. कधी त्याच्या दुप्पट खोलीवर आणखी एक फिका पट्टा दिसतो; वर आलेला आवाज पाण्याच्या पाठीवर आपटून पुन्हा तळ गाठून येतो, त्याची ती खूण. गाळ असेल तर नुसती विरलेली रेघ. माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून आवाज खणखणीत परततो, म्हणून मासा दिसतो. कपारीत दडलेली चिंबोरी मात्र याला कळत नाही.

बर्फाशी याच्या घराण्याचं नातं जुनं. 1912 साली टायटॅनिक हिमनगावर आदळून बुडाली आणि दोनच वर्षांनी संशोधक रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी असाच आवाज सोडून समुद्रात हिमनगाचा प्रतिध्वनी टिपला.

याची खरी परीक्षा होते ती खोपोलीच्या अंगाला. टाटांचं तिथलं वीजघर 1915 पासूनचं. घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी सुमारे 500 मीटर खाली झेपावून चाकं फिरवतं आणि मग पाताळगंगेला मिळतं. म्हणून ही नदी मे महिन्यातही वाहती असते. पण पाणी फेसाळतं तिथे हा बावरतो. बुडबुड्यांवरूनच आवाज माघारी येतो, पडदाभर मासेच मासे दिसतात आणि तळ हरवतो. अशा वेळी मी त्याला ओढून घेतो. बिचाऱ्याला खोटं बोलायला लावू नये.

डोहावर गळ टाकून बसणारे एक कातकरी काका आहेत. त्यांच्याकडे दोरीला बांधलेलं शिसं आहे. दोरी ढिली पडली की तळ लागला. मग ते शिसं हळूच ओढतात. बोटांना कटकट लागली तर खडक, मऊ आलं तर गाळ. दोघांचं मोजमाप आम्ही ताडून पाहिलं, वीतभराचाही फरक नव्हता. मला त्या बोटांचा हेवा वाटला.

याच डोहाशी एका रविवारी सहलीची पोरं विजारी दुमडून उभी होती. दर पावसाळ्यात कर्जत-खालापुरात अशी पोरं बुडतात, बंदीहुकूम निघूनही. वरून पाणी सगळीकडे सारखंच दिसतं. मी गोळा त्यांच्या पुढे टाकला, दोर सोडत गेलो आणि मोबाइल त्यांच्यातल्या एकाच्या हातात दिला. तो मोठ्याने वाचू लागला. 0.8. 1.1. मग एकदम 4.6.

‘‘काका, हे बरोबर आहे?’’

शिसंवाल्या काकांनी मान डोलावली. पोरं एकेक पाऊल मागे आली. गोळा तिथेच, डोहाच्या मधोमध, हलकेच डुलत होता.