गरम कॉइल आणि नव्या प्लगचं श्रेय

आमच्या गाड्या दुरुस्तीच्या धंद्यात दिसलेल्या ठिणगीइतकं फसवं काही नाही. प्लग हेडला टेकवून किक मारली, निळी ठिणगी उडाली, की ‘करंट बरोबर आहे’ म्हणून लोक कार्बोरेटर उघडतात. पण ती ठिणगी मोकळ्या हवेतली असते. सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलेलं असतं आणि तीच फट ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. अधू कॉइल बाहेर पास होते, आत नापास. मेळघाटातल्या चिखलदऱ्यात ‘उंचीमुळे करंट कमी पडतो’ असंही सर्रास ऐकू येतं. मला ते पटत नाही. सुमारे १,१०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण १२ टक्के कमी असतो, सिलिंडरमधला दाबही त्या मानाने कमी भरतो, म्हणजे ठिणगीचं काम उलट सोपं होतं. उंची बिघडवते ते मिश्रण. कार्बोरेटरचा जेट तोच, हवा कमी, म्हणून प्लगवर काजळी धरते आणि करंट काजळीवरून निसटतो.

तरी माझं डोकं खरं अडकतं ते गरम झाल्यावर दगा देणाऱ्या कॉइलपाशी. आरएक्स १०० किंवा जुनी चेतक परतवाड्याहून घाट चढते आणि ऐन वळणावर बंद पडते. प्लग बदलला की चालू होते, आणि श्रेय नव्या प्लगला जातं. पण प्लग आणून बसवेपर्यंत जुलैच्या धुक्यात कॉइलही निवलेली असते, हे कुणी मोजत नाही. तांब्याच्या तारेचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २५ वरून १०० अंशांवर जाताना जवळजवळ ३० टक्के. तेवढ्याने चांगली कॉइल मरत नाही. मरते ती तारेवरचं वार्निश तडकून वेढे एकमेकांना टेकलेली, किंवा आतून तुटलेली, जिची टोकं तापल्यावर दुरावतात. थंड कॉइलला मीटर लावला तर आकडा निर्दोष येतो. म्हणून खरी परीक्षा एकच: काहीही न बदलता तेवढाच वेळ थांबायचं आणि किक मारायची. जुन्याच प्लगवर गाडी चालू झाली, तर प्लग निर्दोष. 

मेळघाटात अंधार पडताना, बायकामुलं पावसात उभी असताना थांबायचं कुणी, हा आक्षेप रास्त आहे. तेव्हा नवा प्लग लावून माणसं खाली पोचवावीत. मात्र ‘काम झालं’ म्हणू नये. मॅग्नेटोची प्लेट, कॉइल आणि सीडीआय (ठिणगीचं इलेक्ट्रॉनिक युनिट) एकदम बदलण्याची नवी पद्धत मला मान्य नाही. गाडी चालते, पण दोष कुठे होता ते कुणालाच कळत नाही, आणि गिऱ्हाईक दोन चांगल्या वस्तूंचे पैसे भरतं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, इंजेक्शनच्या गाड्या उंचीप्रमाणे पेट्रोल स्वतः जुळवतात, पोरं स्कॅनर लावतात. चांगलंच आहे. पण इग्निशन कॉइल अजून तांब्याच्या तारेचीच आहे आणि अजून तापतेच. असला दोष हुडकला की मला जो गर्व होतो तो मजुरीच्या कितीतरी पट असतो, आणि तो मी लपवत नाही. मात्र त्यासाठी कॉइल बदलल्यावर जुनाच प्लग परत लावून गाडी पुन्हा पूर्ण घाट चढवावी लागते, मध्ये कुठेही न थांबवता.