झीज

‘झीज’ हा शब्द पुस्तकात मी प्रथम भूगोलात वाचला. नदी खडक झिजवते, वारा टेकडी झिजवतो. आमच्या चांदीपच्या घरात मात्र हा शब्द त्याआधीपासून नांदत होता, आणि तो टायरपुरताच होता. माझे वडील दुसऱ्याचा टेम्पो चालवतात. टायर त्यांनी घालायचे, असा मालकाशी ठराव आहे. त्यामुळे टायर किती चालतो यावर आमचे पुष्कळ काही चालते.

विरारला एका मित्राकडे संगणकावर फॉर्म्युला वनच्या शर्यतीचा खेळ आहे. त्यात चारही टायरांची झीज टक्क्यांत दिसते. उशिरा ब्रेक मारला, वळणावर गाडी दामटली, की आकडा भराभर चढतो आणि गाडी घसरू लागते. मग पिटमध्ये शिरायचे, नवे टायर तयार! खऱ्या शर्यतीत २०२३ साली कतारला मॅक्लारेनच्या माणसांनी चारही टायर १.८० सेकंदांत बदलले. त्याहून चमत्कारिक गोष्ट पुढेच आहे. २०१० साली कॅनडातल्या शर्यतीत टायर लवकर झिजले आणि शर्यत भलतीच रंगली. म्हणून २०११ पासून टायर पुरवणाऱ्या पिरेली कंपनीला मुद्दाम लवकर झिजणारे टायर बनवायला सांगण्यात आले. घरी हे सांगितले तेव्हा आई म्हणाली, “मेल्यांचा पैसा उतू चाललाय!”

वडिलांनी एवढेच विचारले, “वळण किती वेगात घेतात?”

प्रश्न मर्मावरचा होता. वेग दुप्पट केला की त्याच वळणावर टायरला बाजूने सोसावा लागणारा जोर चौपट होतो. हे सूत्र वडिलांना ठाऊक नाही; शाळा त्यांनी चौथीत सोडली. पण शिरसाड फाट्याकडे जाताना ते वळणाच्या बरेच आधी पाय उचलतात, वेग आपोआप उतरू देतात. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवोत बापडे!

टायर ते पोथीसारखा वाचतात. दोन्ही कडा गेल्या तर हवा कमी, मधला पट्टा गेला तर हवा जास्त, एकच कड गेली तर अलाइनमेंट बिघडलेली. बदली ड्रायव्हरने चार दिवस गाडी कशी हाकली, हेही ते रबरावर बोट फिरवून सांगतात. नक्षीच्या खाचांत तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी १.६ मिलिमीटर उरली की ती त्यांना टेकते. कायद्याने टायर तिथे संपला. गोटा झालेल्या टायरला पावसात पाणी बाजूला सारता येत नाही, मग ब्रेक असून नसल्यासारखा.

गेल्या जूनमध्ये पुढची जोडी त्या उंचवट्यांना टेकली. त्याच आठवड्यात माझी दुसऱ्या वर्षाची फी भरायची होती. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. फी हप्त्याने घेतील का, असे विचारून येतो म्हणालो. वडील बाहेर गेले, टेम्पोच्या मागच्या चाकांशी उकिडवे बसले, खाचांत नख घालून पाहिले आणि आत येऊन म्हणाले, “मागची जोडी यंदा बदलायची होती. ती अजून वर्ष काढते. तिचे पैसे ठेवलेत, ते घेऊन जा.”

पुढे नवी जोडी आली, फीही भरली गेली. मित्राकडे खेळायला बसतो तेव्हा मी हमखास शेवटचा येतो. तो म्हणतो, “अरे, ही शर्यत आहे, तू टेम्पो चालवतोयस!”