दर सहा आठवड्यांनी सुटणारी गाडी

आपल्याकडे कुठलीही नवी सरकारी यंत्रणा आली की आधी तिचं लोकार्पण होतं. फीत, फोटो, भाषण. आणि दुसऱ्या दिवसापासून खिडकीवर एकच वाक्य: "सिस्टीम नवीन आहे, उद्या या." आज याच्या उलट चालणाऱ्या एका कामाबद्दल लिहितोय. विषय थोडा तांत्रिक आहे, पण संगणकातलं काही न कळणाऱ्यांनीही वाचावं. प्रश्न आपल्या सगळ्यांचाच आहे.

रस्ट नावाची एक प्रोग्रामिंग भाषा आहे. ग्रेडन होअर या माणसाने २००६ मध्ये ती स्वतःच्या हौसेने सुरू केली. पुढे फायरफॉक्सवाल्या मोझिलाने तिला आधार दिला आणि २०२१ पासून तिच्यामागे स्वतंत्र फाउंडेशन आहे. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणतो तो कंपायलर. रस्टचा कंपायलर मुक्त आहे. म्हणजे कुणीही फुकट घ्यावा, उघडून बघावा, दुरुस्ती सुचवावी. २०२२ च्या अखेरीस लिनक्सच्या गाभ्यातही या भाषेला जागा मिळाली.

मी काही तो कंपायलर लिहिणाऱ्यांपैकी नाही. नाशिकमध्ये बसून पोटापाण्यासाठी रस्टमध्ये काम करतो. नवी आवृत्ती यायच्या आधी तिची बीटा उतरवून घेतो, आमच्या कोडवर चालवून बघतो. काही मोडलं तर कळवायचं, एवढाच आपला खारीचा वाटा. पण त्या निमित्ताने ही मंडळी नवी आवृत्ती कशी तयार करतात ते जवळून दिसतं.

१५ मे २०१५ ला रस्ट १.० आली. तेव्हापासून दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते. पद्धत साधी आहे. रोज रात्री तोवरच्या कामाची 'नाईटली' निघते. सहा आठवड्यांनी त्यातून बीटा वेगळी काढतात. बीटात नवं काही घालत नाहीत, फक्त दुरुस्त्या. आणखी सहा आठवड्यांनी तीच बीटा 'स्टेबल' म्हणून सगळ्यांच्या हातात जाते. ते लोक याला ट्रेनच म्हणतात.

आता गंमत बघा. तारीख आधी ठरलेली असते, ती आपल्याकडेही असते. कुणाचा तरी वाढदिवस, नाहीतर आचारसंहितेच्या आदला आठवडा. फरक पुढे आहे. रस्टमध्ये एखादी सुविधा तयार नसेल तर ती त्या गाडीत चढत नाही, गाडी मात्र वेळेवर सुटते. सहा आठवड्यांनी पुढची आहेच, मग घाई कशाला? आपल्याकडे प्रत्येक गाडी शेवटची लोकल असल्यासारखी. मग जे अर्धवट आहे तेही दाराला लोंबकळत निघतं, आणि पडतो तो सामान्य माणूस.

दुसरी गोष्ट तपासणीची. क्रेटर नावाचं एक साधन आहे. जगभरच्या लोकांनी रस्टमध्ये लिहून उघडपणे ठेवलेलं जेवढं कोड सापडेल तेवढं ते गोळा करतं. असे लाखाहून अधिक प्रकल्प आधी जुन्या कंपायलरने बांधून बघतात, मग नव्याने. जुन्याने चालत होतं आणि नव्याने मोडलं, अशांची यादी निघते. याला काही दिवस लागतात, संगणकांचा खर्च होतो. पण आपल्या बदलाने कुणाचं घर पडणार आहे हे बदल करण्याआधी विचारलं जातं. ज्यांच्यासाठी हे चाललंय त्या बहुतेकांना आपली अशी काळजी घेतली गेली हे कधी कळतही नाही.

तरी चुका होतात. मे २०२१ मध्ये १.५२ आली आणि कंपायलरमधले काही जुने दोष उघडे पडले. काम लवकर उरकण्यासाठी कंपायलर आधीचं काम जपून वापरतो, ती सोय भरवशाची नव्हती. चारच दिवसांत १.५२.१ आली. तिच्यात त्यांनी ती सोय सरळ बंद केली आणि कारण लेखी सांगितलं. काम हळू होईल, पण चुकीचं होणार नाही.

त्याहून बोलकं उदाहरण जुलै २०२४ मधल्या १.८० चं. एका छोट्या बदलामुळे वेळ-तारीख हाताळणाऱ्या, खूप वापरल्या जाणाऱ्या एका लायब्ररीच्या जुन्या आवृत्त्या बांधल्याच जाईनात. क्रेटरने हे आधीच दाखवलं होतं. पण लायब्ररीची दुरुस्त आवृत्ती निघाली होती, आणि असा बदल त्यांच्या नियमात बसत होता. म्हणून गाडी सोडली. जगभर लोकांची कामं अडली आणि लोक चिडले. नियमात बसतं म्हणजे लोकांना त्रास होत नाही असं नाही, हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको. तरी एक फरक उरतोच. काय माहीत होतं आणि कुणी काय विचार करून ठरवलं, हे सगळं उघड नोंदलेलं होतं. म्हणून जाब विचारता आला.

मागे आमच्याकडे दाखल्यांचं एक संकेतस्थळ एका रात्रीत बदललं. जुनं बंद, नवं चालेना. ऐन प्रवेशाच्या दिवसांत पोरं आणि त्यांचे आईबाप आठवडाभर खेटे घालत होते. कुणाचा प्रवेश हुकला याची यादी कुणी केली नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही. "तांत्रिक अडचण" या दोन शब्दांत विषय संपला.

म्हणून मला हे 'तांत्रिक' वाटत नाही. एका प्रोग्रामिंग भाषेचे लोक, त्यांतले कित्येक बिनपगारी, अनोळखी माणसाच्या कोडची जेवढी पर्वा करतात, तेवढी करभरणाऱ्या नागरिकाच्या अर्जाची व्हायला काय हरकत आहे? मागणी मोठी नाही. नवं नीट चालेपर्यंत जुनं चालू ठेवा. खेड्यातल्या साध्या मोबाइलवर, रडतखडत चालणाऱ्या नेटवर आधी चालवून बघा. काय मोडलं, कधी दुरुस्त होईल, ते लेखी लावा. तयार नसेल ते पुढच्या गाडीत टाका.

पुढच्या लोकार्पणाचं निमंत्रण आलं की जरूर जा. फक्त फीत कापायच्या आधी एक प्रश्न विचारा: साहेब, कुणाकुणाचं अडणार आहे, ती यादी कुठे आहे?